मौन मोडलं तो सोमवार

आधीच कबूल करते, त्या सोमवारी माझा देवावरचा विश्वास तासभर पार उडाला होता. जन्मभर त्याचं सगळं नेमाने केलं आणि त्याच्याच दारात माझं कुंकू पुसलं जायची वेळ आली. त्यात माझाही हात होता, हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो.

आम्ही ब्राह्मणपुरीचे, केळीवाले. आमचे हे भारी बोलघेवडे, वर राग नाकाच्या शेंड्यावर. म्हणून पाच वर्षांपासून श्रावणातल्या सोमवारी मौन धरतात. अंघोळ झाली की मिटलेलं तोंड संध्याकाळी उपास सोडतानाच उघडायचं. सून नि मी चेष्टेने म्हणायचो, श्रावण म्हणजे आपल्या कानांना विसावा. यंदा तिसऱ्या सोमवारी आम्ही दोघंच प्रकाशा गावी महादेवाच्या दर्शनाला गेलो. रांगेत ते खुणा करत होते, मोबाइल चाळत होते, सगळं ठीक होतं.

दर्शन झालं, पुजाऱ्यांनी तीर्थाची पळी पुढे केली, तर ह्यांनी डावा हात पसरला. चार लोकांत, देवासमोर, डाव्या हातावर तीर्थ! मला असा संताप आला! त्यांच्या त्या हातावर चापट मारली आणि उजवा ओढून पुढे धरला. सोडल्याबरोबर तो धप्पकन खाली पडला. "काय करी ऱ्हायनात? उपास लागना का?" मी पुटपुटले. शेवटी माझ्या तळहातातलं तीर्थ त्यांच्या ओठांना लावलं, तर ते कोपऱ्यातून ओघळून सदऱ्यावर सांडलं. तरी मी रागावलेच. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मौन आहे म्हणून बोलत नाहीत, एवढंच माझ्या डोक्यात.

मंडपात त्यांना खांबाला टेकवून बसवलं. चक्कर आली असेल म्हणून पाण्याची बाटली उघडली, तोच शेजारी बसलेल्या एका बाईने माझं मनगट धरलं. "पाणी पाजू नका ताई. त्यांना गिळता येत नाहीये, श्वासात जाईल." बोलण्यावरून डोंगरातली वाटली. मी तिचा हात झटकला. ही मला शिकवणार का, असंच मनात आलं, खोटं कशाला बोलू? ती हलली नाही. म्हणाली, "मी मोलगीकडची. आमच्या पाड्यावर आशाताईचं, आरोग्याचं काम करते. बाबांचं तोंड एका बाजूला उतरलंय, हातही गेलाय. त्यांना काहीतरी बोलायला सांगा."

"आज मौन शे त्यासनं. पाच वरीसनं व्रत शे. तू मोडाले सांगस?"

"मोडा," ती म्हणाली. "मेंदूच्या नसेत गाठ अडकली असेल तर एकेक मिनिट जातंय."

तिचं खोटं निघालं, तर भर देवळात नवऱ्याचं व्रत मोडल्याचं पाप. आणि खरं निघालं तर? मी गाभाऱ्याकडे बघितलं आणि मनात अक्षरशः भांडले, तुला दिसत नाही का रे? मग म्हटलं, जाऊ दे, पाप माझ्या माथी. त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "अहो, महादेवनं नाव ल्या. मन्ही आण शे तुम्हले." त्यांनी तोंड उघडलं. नुसता घोगरा आवाज निघाला, शब्द नाही. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तेवढा वेळ ते आत अडकून मला हाका मारत होते आणि मी चापट मारली होती! मी त्या बाईचा पदर धरला. "मला काही कळत नाही गं बाई, तूच सांग."

तिने त्यांना कुशीवर वळवलं, फोनवर चौकशी केली, आणि जिथे डोक्याचा फोटो लगेच निघतो त्या दवाखान्यात न्यायला स्वतःच्या माणसांची जीप दिली. स्वतः सोबत बसली. वाटेत मी त्यांचा उजवा हात कुरवाळत होते, तो थंड होता, माझं नामस्मरण सारखं तुटत होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "शेवटचे नीट कधी होते? वेळ सांगा, त्यावर इंजेक्शन ठरतं." सकाळपासून शब्द न बोललेल्या माणसाचं नीट काय नि बिघडलेलं काय? तेवढ्यात मुलाचा फोन आला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "आई, पप्पांचा मेसेज आलाय ना दहा चाळीसला. 'तुझी आई रांगेतल्या बायांशी भांडतेय.' एकही अक्षर चुकलेलं नाही." डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "वेळेत आलात," म्हणाले, आणि आत धावले. फोटो निघाला, गाठ विरघळवायचं औषध नसेत गेलं. मी बाहेर आले तर जीप निघून गेलेली. त्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडे बोट करून ह्यांना विचारलं, "या कोण?" लग्नातल्या उखाण्यानंतर ज्यांनी मला 'अगं' शिवाय हाक मारली नाही, त्यांनी ओठ जुळवत, अडखळत, सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. मी लहान पोरीसारखी हमसून रडले.

अजून त्यांना उजव्या हाताने घास पुरता उचलता येत नाही, शब्द शोधावा लागतो. देवाने केलं की त्या बाईने, याचा काथ्याकूट मी करत नाही. दोघांनाही रोज हात जोडते. एवढंच कळलं, की मी नेम पाळत होते, पण देवापुढे वाकले कधीच नव्हते. वाकले ती त्या मंडपात, एका परक्या बाईचा पदर धरून, मला कळत नाही असं म्हटलं तेव्हा.