गोऱ्याचं पान

जुने जर्मन चाकू जमवणाऱ्या बाईपासून लोक जरा सरकूनच बसतात. मला आता त्याची सवय झाली आहे. खिशात मावणारा चाकू, पात्याच्या बुडाशी सोलिंगेन या चाकूंच्या जर्मन शहराचा शिक्का, शिंगाची मूठ आणि बंद करताना ठक्कन येणारा आवाज, एवढं मिळालं की माझा दिवस कारणी लागतो. असे चाकू सातारा-सांगलीकडे नक्की असणार, असं बरेच दिवस डोक्यात होतं. तिथल्या घराघरातली माणसं पलटणीत गेली, महायुद्धात पार इटलीपर्यंत पोचली. सगळीच काही रिकाम्या हातांनी परतली नसतील. शेवटी भाद्रपद संपत आला तेव्हा सुट्टी टाकली आणि एकटीच गाडी घेऊन पुण्याहून निघाले.

साताऱ्यात कंदी पेढे सोडून हाती काही लागलं नाही. जुन्या बाजारात अडकित्ते पाहिजे तेवढे, चाकू एकही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर पलूस गाठलं. तिथल्या एका बागायतदाराने फोनवर मोठ्या खात्रीने सांगितलं होतं, "जर्मनचा चाकू हाय आमच्याकडं." तो निघाला आपल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, पातेल्यासारख्या पांढऱ्या मुठीचा! माझा चेहरा बघून ते पोट धरून हसले, उसाचा रस पाजला आणि मग जरा आवाज उतरवून म्हणाले, "खरा पायजे तर कोरेगावच्या अलीकडं जावा. शोभा, माझी बहीण, तिकडं दिलीया. तिच्या सासऱ्याकडं हाय. पन जपून बरं का ताई, त्यो चाकू लय भुकेला हाय."

चाकू आणि भुकेला? मला वाटलं, ही पुन्हा थट्टाच.

पलूसहून विटा, पुसेसावळी, रहिमतपूर असा रस्ता धरा. गळीत हंगाम सुरू झाल्यावर मात्र या बाजूला येऊ नका, उसाच्या ट्रॉल्यांमागे सरपटत जावं लागतं. पुसेसावळीला चाळीस रुपयांत भजी आणि चहा होतो. मला मात्र त्या दिवशी रस्ता भलताच मोकळा मिळाला. विहिरींवरच्या मोटारी चालू होत्या, पाटाला पाणी वाहत होतं, आणि शेतात माणूस म्हणून नाही. एका वस्तीवर पत्ता विचारायला थांबले, तर घराचं दार उघडं, चूल पेटलेली, आणि हाका मारूनही कुणी बाहेर आलं नाही. मी काच वर करून निघाले.

घर सापडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शोभाताईंचे सासरे, ज्यांना सगळे आण्णा म्हणतात, अंगणात खुर्ची टाकून छपराकडे बघत बसले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पाठ अजून ताठ. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. छपरावर दोन पानं मांडली होती. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, आज सर्वपित्री अमावस्या, सगळे शेतं सोडून घरामागे पानं मांडत असणार! एक पान कावळ्यांनी विस्कटलेलं. दुसऱ्यावर भात, वडे, खीर, आणि त्याच्या कडेला पाव आणि उकडलेलं अंडं. त्याला कुणी शिवलेलंही नव्हतं.

"हे कुणाचं?" मी हळूच विचारलं.

"गोऱ्याचं," शोभाताई म्हणाल्या. "ज्येचा चाकू, तेचं."

आण्णांच्या वडिलांनी इटलीत एका मेलेल्या जर्मन शिपायाच्या खिशातून तो चाकू काढून घेतला होता. मरताना त्यांनी बजावलं, माझ्याबरोबर त्याचंही पान ठेवत जा.

"वडलांच्या पानाला कावळा लगीच शिवतो," आण्णा म्हणाले. "ह्येच्या पानाला आजपातूर न्हाई. पाव ठिवला, अंडं ठिवलं, एकदा तर क्यान्टीनची रम बी ठिवली."

मी हसले. बाकी कुणीच हसलं नाही.

"उद्या माझं पान मांडत्याल. शेजारी ह्यो उपाशी बसनार. मग माझ्या तरी तोंडात घास पडंल का, ताई?" म्हातारा मरणाला भीत नव्हता, त्यानंतरच्या भुकेला भीत होता.

शोभाताईंनी देव्हाऱ्यातून चाकू आणला. हातात दिला नाही. जमिनीवर ठेवला, मी उचलला. मूठ दिसतच नव्हती. दरवर्षी खंडेनवमीला शस्त्रांबरोबर त्याचीही पूजा व्हायची. तेल, हळद आणि कुंकवाचे थरावर थर चढून दगडासारखे झाले होते. देवाचं म्हणून कुणी खरवडलं नाही. मी परवानगी घेतली आणि तेलात भिजवलेल्या कापसाने पुसत बसले. थर सुटले, पण कोरलेल्या अक्षरांत कुंकू तसंच राहिलं. लालभडक. मी मोठ्याने वाचलं, एमिल. खाली गावाचं नाव, अर्धं झिजलेलं, शेवटी 'बाख' तेवढं वाचता येत होतं. एरवी मुठीवर नाव कोरलेलं असलं की आम्ही जमवणारे नाक मुरडतो. त्या दिवशी माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"आवं आण्णा, तेला नाव हाय!" शोभाताई ओरडल्या.

आण्णा उठले, सावधान उभे राहिले. "एमिलराव, जेवा बाबा."

समोरच्या कडुलिंबावर कावळे ओळीने बसले होते. एकाचाही आवाज नाही.

"तेची काय इच्छा ऱ्हायली आसंल ती बोला," शोभाताई कुजबुजल्या.

आण्णांनी माझ्या हातातल्या चाकूकडे पाहिलं. "तुमची वस्तू तुमच्या घरी धाडतो. ह्या ताई पोचवत्याल."

मी तोंड उघडणार, तोच एक कावळा लिंबावरून सुटला, वडिलांचं पान ओलांडून दुसऱ्यावर उतरला आणि त्याने घास उचलला. आण्णा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडले. मग आम्ही सगळे जेवलो. खीर छान झाली होती, पण माझी नजर चाकूवरून हलेना. मी कुठे काय कबूल केलं होतं? निघताना पैशांचा विषय काढला, तर आण्णांनी हातच जोडले आणि चाकू तसाच माझ्याबरोबर धाडला.

पुण्याला येऊन आता काही आठवडे झाले. पात्याला कधी धारेचा दगड लागलेला नाही, खटका अजून कडक आहे. मी रोज काढून बघते. परवा नवरा म्हणाला, "तू हल्ली शेवटचा घास ताटात ठेवून उठतेस, कळतंय का तुला?" मला कळलं नव्हतं.

तर जर्मनीत राहणाऱ्या वाचकांनो, 'बाख'ने संपणारी गावं तिकडे ढीगभर आहेत, हे मला आता पाठ झालं आहे. त्यातल्या एखाद्या गावातून युद्धावर गेलेला आणि न परतलेला एमिल कुणाच्या घरचा होता, एवढं शोधा. आणि लवकर शोधा, माझी नियत फिरायच्या आत. इतका सुंदर चाकू मला आजवर मिळाला नव्हता, आणि तो मला द्यायचा नाहीये.