साडूचा कान

माझ्या साडूबद्दल मी कधी चांगलं बोलेन असं आमच्या घरात कुणालाच वाटत नाही, आणि घरच्यांचं बरोबर आहे. तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, शिक्षण जेमतेम, स्वभाव इतका गरीब की कुणी काही बोललं की आधी हसतो आणि मग काय बोलले ते विचारतो. कपडे अल्टर करतो. पँट आखूड करायची, कंबर सैल करायची, चेन बदलायची. दोन रस्ते मिळतात त्या कोपऱ्यावर त्याचं एवढंसं दुकान आहे. आत एक शिलाई मशीन, एक इस्त्री, आणि गिऱ्हाइकाला बसायला एक स्टूल. त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, त्यामुळे महिन्यातले दोन रविवार तो माझ्यासमोर बसलेला असतो. इतकी वर्षं मला त्याचा काही त्रास नव्हता. मग कळलं की या माणसाला कान आहे.

आता माझं ऐका. मी वजनकाटे तपासतो. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले. माझ्या पेटीत प्रमाण वजनं असतात, ती मी चिमट्यानेच उचलतो, कारण बोटाचा घाम लागला तरी वजन बदलतं. सव्वीस वर्षांत माझ्या शिक्क्यावर एक तक्रार आलेली नाही. लोक मला काटेवाले म्हणतात आणि माझ्यासमोर जरा जपून बोलतात. पण ती झाली नोकरी. माझा जीव कशात असेल तर कानात घालायच्या इअरफोनमध्ये. महागड्या नव्हे हं. महाग वस्तू चांगली असते हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा? स्वस्तातली चांगली जोडी शोधून काढायची, त्यात खरं कसब.

त्यातही मी हायब्रिडवाला. म्हणजे एकाच चिमुकल्या डबीत आवाज काढणारे दोन वेगळे भाग. खालचे घुमणारे सूर एक गोल पडदा वाजवतो, आणि वरचे बारीक सूर तांदळाएवढा दुसरा तुकडा. दोघांचं जमलं तर स्वस्तातली जोडीसुद्धा अशी वाजते की माणूस जेवायचं विसरतो. नाही जमलं तर गाणं एकीकडे आणि झांजा दुसरीकडे. मी प्रत्येक जोडी आठवडाभर ऐकायचो. आधी रबरी टोप्या बदलून बदलून बघायच्या, कारण टोपी कानात घट्ट बसली नाही की बास, म्हणजे ते खालचे घुमणारे सूर, गळून जातो आणि लोक उगाच कंपनीला शिव्या घालतात. मग तीच ती नऊ गाणी, त्याच क्रमाने. मग वही. संगीताच्या सामानाचं दुकान चालवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना मी माझी टिपणं नेऊन द्यायचो. चार वर्षं, फुकट. बाई वाचायच्या, मान डोलवायच्या, आणि कपाटात ठेवून द्यायच्या.

तर एका रविवारी माझ्याकडे नवी जोडी होती आणि मी तिच्यावर भलताच खूश होतो. वहीत दीड पान कौतुक लिहून झालं होतं. जेवण झाल्यावर मी ती साडूच्या हातात दिली. देण्यामागे प्रेम वगैरे नव्हतं. त्याने तोंडाचा आ करावा, बायकांनी ते बघावं, एवढंच.

त्याने डोळे मिटून एक अख्खं गाणं ऐकलं. मग इअरफोन काढून नीट गुंडाळले आणि म्हणाला, "छान आहे दादा. फक्त ती गाणारी गाता गाता वर जाते ना, तिथे शिवण लागते."

"शिवण?"

"बाही खांद्याला जोडल्यावर जशी लागते तशी. खालचं कापड एक, वरचं एक. बाई तीच आहे, पण वर गेल्यावर तिने ब्लाउज बदलल्यासारखं वाटतं."

माझी बायको खो खो हसली. मला त्या हसण्याचा जास्त राग आला. पुढचा आठवडा मी ते गाणं किती वेळा ऐकलं असेल त्याची गणती नाही. मला शिवण सापडली नाही. शेवटी बाईंच्या दुकानात त्या जोडीच्या आवाजाचा मोजलेला आलेख बघायला मिळाला. रेघ सरळ चालली होती आणि एका ठिकाणी खड्डा. नेमका तिथे, जिथे एक पडदा थांबतो आणि दुसरा सुरू होतो. जिथे ती गाणारी वर जाते. मी घरी येऊन वहीतलं ते दीड पान फाडलं.

इथे मी मूग गिळून गप्प बसलो असतो तर पुढचं काही झालं नसतं. पण मी त्या खड्ड्याचं बायकोला सांगून बसलो, तिने बहिणीला सांगितलं, बहिणीने दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना, आणि बाईंची एक पँट नेमकी साडूकडेच आखूड व्हायला पडलेली. मग काय विचारता. बाई कपडे द्यायला जाताना पर्समध्ये दोन दोन जोड्या घेऊन जायला लागल्या. तो मशीन थांबवून ऐकायचा आणि सांगायचा, हिचं कापड ताठ आहे, हिला अस्तर जास्त झालंय, ही सुरकुतते. आणि बाई ते लिहून घ्यायच्या. माझी चार वर्षांची टिपणं कपाटात, आणि याचं बोलणं बाई स्वतःच्या हाताने लिहून घेतात. मला रात्री झोप लागेना, आणि दिवसा काटे तपासताना सारखं तेच डोक्यात. मला त्याचा हेवा वाटत होता, दुसरं काही नाही. त्या माणसाने आयुष्यात कधी टोपीची मापं पाठ केली नाहीत, आलेख बघितले नाहीत, आणि तरी त्याला ऐकू येत होतं. फुकटात. मला हे सहनच होत नव्हतं.

मग बाईंनी ठरवलं की दुकानाच्या दर्शनी भागात निवडक स्वस्त जोड्यांचं एक वेगळं फडताळ करायचं. शेजारी एक खुर्ची. दर शनिवारी एका माणसाने तिथे बसून ऐकायचं, निवडायचं, आणि प्रत्येक जोडीखाली त्याच्या सहीचं कार्ड. त्या खुर्चीसाठी मी चार वर्षं वाट बघत होतो. सव्वीस वर्षं माझा शिक्का दुसऱ्यांच्या काट्यांवर बसला, एकदा तरी माझ्या आवडीच्या वस्तूखाली माझी सही असावी असं मला वाटत होतं, यात माझं काय चुकलं?

"तुम्ही दोघंही या," बाई म्हणाल्या. "पाच हायब्रिड आहेत. दोघांनी एकेक निवडा. माझी तीन नेहमीची गिऱ्हाइकं कोणती कुणाची ते न बघता ऐकतील, आणि त्यांना ज्याची निवड आवडेल तो बसेल." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आवाज सारखा करायचं काम काटेवाल्यांचंच. त्यात काही बघायला नको."

हे आवाज सारखा करणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्ही अगदी सारख्या मोठ्याने वाजल्या पाहिजेत. एक जरा जरी मोठी वाजली तरी माणसाला तीच चांगली वाटते. मोठी आहे हे कळत नाही, नुसती भरीव वाटते, जिवंत वाटते. म्हणून मी घरीच एक नळी करून घेतली होती. एका टोकाला इअरफोन, दुसऱ्या टोकाला छोटा माइक, आणि बाहेर आकडा दाखवणारं यंत्र. आकडा जुळेपर्यंत बटण फिरवायचं, आणि जुळला की बटणावर चिकटपट्टी.

साडूने त्याची जोडी तासाभरात निवडली. मला तीन दिवस लागले. माझी चमकदार होती, झांजा कशा लखलखीत. त्याची साधी. पण शनिवारी दुकानाच्या मागच्या खोलीत मी त्याची जोडी नळीला लावण्याआधी सहज कानात घातली, आणि मला कळलं की तिच्यात शिवण नाही. खालून वरपर्यंत एक अखंड कापड. माझ्या जोडीपेक्षा चांगली होती. मी नळी लावली, आकडा जुळवला. मग बटण दीड डेसिबल खाली घेतलं आणि चिकटपट्टी लावली.

सरावाचा हात होता.

तिघांनीही माझी जोडी निवडली. एक ढोलकी शिकवणारे गृहस्थ होते, ते साडूच्या जोडीबद्दल म्हणाले, "चांगली आहे, पण जरा निर्जीव." बाईंनी माझं अभिनंदन केलं. साडूने त्याची जोडी पुन्हा कानात घातली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"दादा, ही दबल्यासारखी वाटतेय. घरी अशी नव्हती."

"आवाज मोजून सारखा केलाय," मी म्हणालो.

"हो का," तो म्हणाला, आणि त्याची आठी तिथल्या तिथे गेली. "मग प्रश्नच नाही. तुम्ही मोजलंय म्हणजे माझंच चुकतंय." आणि हसून त्याने माझ्याशी हात मिळवला.

मी खुर्चीवर बसलो. कार्डांवर सह्या केल्या. पहिले दोन महिने हवेत होतो, खोटं कशाला बोलू. रविवारी साडू यायचा, जेवायचा, मुकाट बसायचा. मी इअरफोन पुढे केले तर म्हणायचा, "मला काय कळतंय त्यातलं." मला ते ऐकून बरं वाटायचं. मी मुद्दाम दोनदा पुढे करायचो, पुन्हा तेच ऐकायला.

मग एकदा मेव्हणी माझ्या बायकोला स्वयंपाकघरात सांगत होती ते माझ्या कानावर पडलं. म्हणाली, यांना काय झालंय कळत नाही. पूर्वी सुई मोडायच्या आधी यांना आवाजावरून कळायचं, कधी एक कापड फाटू दिलं नाही. आता मोडेपर्यंत शिवत बसतात. गेल्या आठवड्यात गिऱ्हाइकाच्या कोटाचा खांदा गेला. विचारलं तर म्हणतात, मला वाटलं होतं काहीतरी वाजतंय, पण माझ्या वाटण्याचं काय खरं.

त्या दिवशी मी साडूपुढे इअरफोन केलेच नाहीत.

बुधवारी कामावरून येताना मी त्याच्या दुकानात गेलो. मला बघून त्याला इतका आनंद झाला की मलाच कसंतरी झालं. स्टुलावरचे कपडे उचलून त्याने मला बसवलं आणि म्हणाला, "बरं झालं आलात दादा. मी तुम्हाला बोलावणारच होतो. जरा मशीन ऐका ना. दोन दिवस आतून काहीतरी कुरकुरतंय असं मला वाटतंय. तुम्ही सांगा, आहे का काही?"

त्याने फडक्याचा तुकडा घेतला आणि मशीन चालवलं. मी कान लावला. मला मोटर ऐकू आली, सुई ऐकू आली, रस्त्यावरची एक मोटारसायकल ऐकू आली. कुरकुर नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, दवाखान्यात रिपोर्ट घ्यायला आलेले लोक बघतात तसं.

मी सांगून टाकलं. सगळं. दीड डेसिबल, चिकटपट्टी, तुमची जोडी माझ्या जोडीपेक्षा चांगली होती, तुम्हाला दबकी वाटली ती दबकीच होती. मी जळत होतो तुमच्यावर, म्हणालो. अजूनही जळतो.

त्याने पाय पॅडलवरून काढला. मग हसला.

"बायको बोलली वाटतं तुमच्याकडे," तो म्हणाला. "दादा, मला बरं वाटावं म्हणून तुम्ही असलं काही बोलू नका. तुम्ही काटा माराल? सव्वीस वर्षांत नाही मारलात, तो माझ्यासाठी माराल?"

"अहो, खरंच मारला."

"बरं, मारला," तो लहान मुलाची समजूत घालावी तसं म्हणाला. "ते जाऊ द्या. मशीन ठीक आहे ना? तुम्ही म्हणालात की मी हा कोट शिवायला घेतो, आजच द्यायचाय."

कोट मशीनखाली सरकलासुद्धा होता. उंची कापडाचा, कुणाच्या तरी लग्नासाठीचा. मला काहीही ऐकू आलेलं नव्हतं. शपथेवर सांगतो, मशीन मला ठणठणीत वाटत होतं.

"थांबा," मी म्हणालो. "कुरकुरतंय. मलाही ऐकू आलं. खालच्या बाजूला."

त्याने लगेच कोट काढला, मशीन आडवं केलं आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन खालचं झाकण उघडलं. हुकाजवळचा एक बारीक स्क्रू सैल होऊन निम्मा बाहेर आला होता. अजून दहा-पंधरा टाके पडले असते तर सुई त्यावर आपटून मोडली असती आणि कोटात घुसली असती. त्याने तो पिळून घट्ट बसवला, मशीन सरळ केलं, आणि माझ्याकडे वळला.

"दादा," तो म्हणाला, "कान असावा तर तुमच्यासारखा."