ही शाळा आहे, दवाखाना नाही

लोरेटा कुझेलाबाई वेल्डनच्या हायस्कुलात पशुविज्ञान शिकवायच्या. शिकवणं वेगळं आणि उपचार करणं वेगळं, हे गावात एकाच्याही डोक्यात शिरत नव्हतं, आणि तेच बाईंचं मोठं दुखणं होतं.

गावचे जनावरांचे डॉक्टर हाल्वरसन वय झालं म्हणून दवाखान्याला कुलूप लावून घरी बसले. दुसरा डॉक्टर गाठायचा तर गाडीने दीड तास. शाळेत मात्र तपासायचं टेबल होतं, वजनकाटा होता, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून हिंडणारी पोरं होती. लोकांनी आपल्या सोयीचा अर्थ काढला. कुणी लंगडं कुत्रं आणायचं, कुणी खोक्यातून कोंबडी. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर एका बाईने चक्क मांजराचा जबडा उघडून त्यांच्यापुढे धरला होता. वैतागून बाईंनी वर्गाच्या दारावर मोठी पाटी लावली, तर लोक पाटीला टेकून वाट बघत उभे राहायला लागले.

“मी शिक्षिका आहे हो! औषध दिलं तर नोकरी जाईल माझी.”

“मग औषध नका देऊ. नुसतं बघा.”

आणि ज्यांना शिकवायचं ती पोरं? कोडीला जनावरांचा डॉक्टर व्हायचं होतं, पण सुई किंवा रक्त दिसलं की तो भिंत धरून खाली बसायचा. मकेनाला सगळं यायचं, फक्त गप्प बसणं येत नव्हतं.

एका मंगळवारी गायीच्या पोटाच्या चार कप्प्यांवर चाचणी चालली होती. तेवढ्यात दार ढकलून ऑर्विल टिमकेन आत आला. गावाबाहेरचा शेतकरी, उंच, धिप्पाड. काखेत बकरी. तिची डावी कूस ढोलासारखी ताणलेली, जीभ बाहेर.

“कोठीचं दार उघडं राहिलं. मका खाल्लाय हिने.”

“ऑर्विल, पाटी वाचलीस का?”

“वाचली. छान लिहिलीय.”

मकेना पेपर सोडून केव्हाच उठली होती. तिने बोटाने कुशीवर टिचकी मारली. “बाई, वायू धरलाय. कालच शिकवलंत तुम्ही!”

“निदान डॉक्टरने करायचं असतं, हेसुद्धा कालच शिकवलं!”

“डॉक्टर येईपर्यंत ही मरेल.”

पोरगी खरं बोलत होती, म्हणून तर बाईंचं डोकं अधिकच फिरलं. दूरच्या डॉक्टरला फोन केला, तो कुठेतरी विताना अडलेली गाय सोडवण्यात अडकलेला. हाल्वरसन फोन उचलेनात. ते कुठे असतील हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. शेजारच्या वर्गातल्या मास्तरांना पोरांवर नजर ठेवायला सांगून बाईंनी गाडी काढली.

कॅफेच्या कोपऱ्यातल्या टेबलावर डॉक्टर पत्ते कुटत बसले होते. परवाना ते सवयीने दर खेपेला नवा करून घ्यायचे, पण काम नको म्हणायचे.

“एवढा डाव होऊ दे, लोरेटा.”

बाईंनी त्यांच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि सगळ्यांना दिसतील असे टेबलावर उलगडून ठेवले. “झाला डाव. उठा.”

शाळेत आल्यावर डॉक्टरांनी बकरीच्या दातांमध्ये नळकांड्याचा तुकडा बसवला आणि त्यातून लांब रबरी नळी हळूहळू पोटात सारली. मकेनाने डोकं धरलं होतं. नळीचं दुसरं टोक कोडीच्या हातात होतं. फस्सकन वायू सुटला तो थेट त्याच्या तोंडावर. असा घाणेरडा वास, की निम्मा वर्ग खिडक्यांकडे पळाला. कोडी हलला नाही. “यात रक्त नाही ना,” तो म्हणाला. कूस खाली बसत गेली. जरा वेळाने बकरीने टेबलावरची उत्तरपत्रिका चघळायला घेतली.

ऑर्विलने टोपी नीट केली. “तुम्हीच आधी केलं असतं बाई, तर एवढा खोळंबा झाला नसता.”

बाईंच्या ओठांवर आलेलं उत्तर पोरांसमोर शोभलं नसतं. त्यांनी बकरीच्या तोंडातून उत्तरपत्रिका ओढून काढली.

“बकरीचं डोकं असं धरायला कुणी शिकवलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी,” बाई म्हणाल्या.

“चुकीचं शिकवलंस.”

पुढच्या मंगळवारी डॉक्टर न बोलावता आले, घरची खुर्ची घेऊन. त्याच्या पुढच्या मंगळवारीही आले. आता खरा डॉक्टर शाळेत बसतो म्हटल्यावर रांग दाराबाहेर, पार पार्किंगपर्यंत गेली. बाई तणतणत मुख्याध्यापकांकडे गेल्या.

“फुकट डॉक्टर मिळालाय,” ते म्हणाले, “आणि तुमची तक्रार आहे?”

वसंताच्या शेवटी पशुवैद्यक सहायकाची परीक्षा झाली. मकेना पहिल्याच फेरीत पास झाली. कोडी रक्त काढताना एकदा कोसळला, पाणी पिऊन पुन्हा उभा राहिला आणि काठावर निघाला. त्याचं सगळं श्रेय डॉक्टरांनी कॅफेत बसून स्वतःच घेतलं, आणि ते बाईंच्या कानावर येईल अशीही व्यवस्था केली.

ते कानावर आलं त्याच दिवशी बाई वर्गात आल्या तर फळ्यावरची त्यांची सुबक आकृती पुसलेली होती. डॉक्टरांनी तिथे गायीचं पोट म्हणून काहीतरी बटाट्यासारखं काढलं होतं, आणि पोरं श्वास रोखून ऐकत होती. बाईंनी दात-ओठ खाल्ले. मग मागच्या बाकावर बसून त्यांनी पेपर तपासायला घेतले.

“तिसरा कप्पा उजवीकडे असतो, डॉक्टर,” मान वर न करता त्या ओरडल्या.