गार पाण्यातला पेला

बोगद्यावर सगळे त्यांना पेलेवाले मामा म्हणत. खडकाच्या भेगांतून पाणी गळू लागलं की पंपाने रसायन भरायचं. ते आत घट्ट होऊन भेग बुजवतं. कालवलेल्या प्रत्येक घाण्यातलं पेलाभर मामा बाजूला काढत. पेला उलटा केल्यावर थेंबही पडला नाही, की घाणा पास. बावीस वर्षं हेच काम. पेल्यांची फळी मात्र साहेबांच्या केबिनमध्ये, हीटरच्या वर. तिथे दहा मिनिटांत पेल्याचा दगड व्हायचा.

मंगळवारी धाकट्या बहिणीचा फोन आला. बोगद्याचं पाणी ज्या ओढ्यात जातं, त्याच्या काठी तिचं घर.

"दादा, ओढा दुधासारखा झालाय. दोन गाई पाय ओढत चालतायत. आम्हीही तेच पितो रे."

मामांनी ताजा पेला भरला, पण केबिनमध्ये नेला नाही. खडकातून येणाऱ्या गारढोण पाण्याच्या बादलीत तो उभा केला. तासाभराने उलटा करू गेले, तर भळकन सांडू लागलं. उरलेलं त्यांनी तसंच परत बादलीत ठेवलं. म्हणजे आपण उबेत बसून गारठ्यातल्या खडकाचा दाखला देत आलो. मामांना आधी स्वतःचाच संताप आला. मग ते साहेबांकडे गेले.

"साहेब, आत काही घट्ट होत नाहीये. सगळं ओढ्यात चाललंय."

"पेले उलटे करता करता डोकंही उलटं झालं का, मामा?" साहेब हसले. "हीटरवरचा पेला पास आहे ना? झालं तर."

"खडकाला हीटर लावलाय का तुम्ही?"

"पिंपावर लिहिलंय, निरुपद्रवी म्हणून."

"घट्ट झाल्यावर निरुपद्रवी, असं लिहिलंय. पुरतं वाचा."

"काम थांबलं तर वरती काय सांगू?"

"खाली काय सांगू, ते आधी बोला. माझी बहीण राहते तिथे."

"मग तिला पाणी उकळून प्यायला सांगा."

बोगद्याचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्या नाल्याची झडप मामांनी आवळून बंद केली, तिचं चाक काढून काखोटीला मारलं आणि बहिणीला फोन लावला. "ओढ्याला कुणी हात लावू नका. गुरं बांधून ठेव. शेजारीही सांग."

आत पाणी घोट्यावर चढलं, तसे कामगार बाहेर आले. मागोमाग साहेब, बूट हातात घेऊन.

"चाक द्या."

"टँकर बोलवा. हे पाणी आता त्यांतूनच जाईल."

दुपारी टँकर आले. शेवटचा भरेपर्यंत मामा झडपेपाशी उभे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातात कामावरून काढल्याचा कागद पडला. कारण : कामात अडथळा. मामांनी पेन मागून घेतलं आणि सहीच्या वर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बादलीतला पेला अजून घट्ट झालेला नाही.'