अकरा पोरं, एक टाय आणि नव्या जिल्ह्याचा शिक्का

स्कॉलरशिपच्या खिडकीशी चार वर्षं बसून बघा, किस्से आपोआप साठतात. फॉर्म निदान वरच्या ऑफिसला पाठवून मोकळं होता येतं, किस्से कुठं पाठवणार?

उदगीरच्या एका कॉलेजात मी स्कॉलरशिपचा क्लार्क होतो. पोरं तोंडावर 'भाऊसाहेब' म्हणायची. पैसे यायला उशीर झाला की माघारी काय म्हणायची, ते मला चांगलं माहीत आहे, पण इथं लिहिण्यासारखं नाही! शेजारच्या टेबलावर आमचे हेडक्लार्क हबीबभाई. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता आणि पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली होती.

* * *

एकदा जिल्ह्याच्या ऑफिसातून एक साहेब तपासणीला आले. फॉर्मचा गठ्ठा उघडला, दोन-चार पानं उलटली आणि भडकलेच.

"हे काय? पोरं टाय घालून फिरतात आणि तुम्ही त्यांना गरीब म्हणून स्कॉलरशिप मागता?"

मी बघितलं. खरंच की! एकामागून एक, सगळ्या फोटोंत लाल टाय. मला दरदरून घाम फुटला. हबीबभाई मात्र पान चघळत शांतपणे उठले.

"साहेब, जरा नीट बघा. पोरं अकरा हायत, टाय एकच हाय! फोटोवाल्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो."

साहेबांनी पुन्हा सगळे फोटो बघितले. अकराही टायवर त्याच जागी चहाचा तोच डाग होता.

* * *

त्याच फॉर्मची पुढची गोष्ट. काही फोटो निघून आले होते आणि डिंकाची बाटली संपलेली. नामदेव शिपाई म्हणाला, "चिंता करू नका," आणि घरून ज्वारीच्या पिठाची मस्त घट्ट खळ करून घेऊन आला. फोटो चिकटवले, कपाटात ठेवले.

सकाळी कपाट उघडलं तर उंदरांनी खळ खाल्लेली, आणि खळीबरोबर फोटोही!

मी नामदेववर असा तापलो की विचारू नका. तो मान खाली घालून म्हणाला, "दुष्काळ त्यांनाबी हायच की, भाऊसाहेब!"

एका फोटोतलं तर तोंड पार गेलं होतं, नुसता टाय उरला होता. मी डोक्याला हात लावून बसलो. हबीबभाईंनी तो तुकडा उजेडात धरला.

"टाय उरलाय ना? मग अकरातला कोणीबी असंल. हाजिर करा सगळ्यांना!"

* * *

आता सुनंदा. चाकूरच्या पुढच्या एका खेड्यातली, बीएस्सी पहिल्या वर्षाची, वर्गात पहिली. वडील लिंबाजी रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायचे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते तलाठ्याकडं गेले आणि म्हणाले, शेतीचं उत्पन्न शून्य लिवा.

तलाठी म्हणाला, "शून्य लिहिता येत नाही. माणूस जिवंत आहे म्हणजे काहीतरी उत्पन्न असणारच!"

"मग तुमीच एक चांगला आकडा टाका, साहेब," लिंबाजी म्हणाले. "कागदावर तरी सुकाळ येऊ द्या!"

माझ्या खिडकीशी हे सांगताना ते स्वतःच खदाखदा हसले. मग हळूच म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून रस्त्याच्या मजुरांचं नवं मस्टर चालू होतंय, भाऊसाहेब. पोरीचं नाव घालून ठेवलंय. स्कॉलरशिप आली तर शिकंल. न्हाई आली तर काय, खडी फोडंल माझ्यासंगं."

सुनंदा शेजारीच उभी होती. तिनं दाखल्याची घडी नीट केली आणि फॉर्मला टाचली. मला मात्र त्या दिवशी डबा गोड लागला नाही.

* * *

बाकीच्या पोरांचे दाखले जिल्हा वेगळा व्हायच्या आधीचे, ते चालले; आणि नेमका तिचाच फॉर्म परत आला! सोबत एक पत्र: 'दाखल्यावर जुन्या जिल्ह्याचा शिक्का असल्याने अर्ज परत. मुदत शनिवार.' तहसीलला धावलो, तर तिथं सांगितलं की नवा शिक्का अजून बनूनच आला नाही.

"शिक्क्यालाबी एसटी मिळंना वाटतं!" हबीबभाई म्हणाले. पण हसले नाहीत.

शनिवारी सकाळी आम्ही चौघं लातूरला गेलो. हबीबभाई, मी, सुनंदा आणि तिचे वडील. लिंबाजी आत यायला तयार होईनात, व्हरांड्यातच थांबले. आत तेच टायवाले साहेब! मी हात जोडले, पोरगी हुशार आहे म्हणालो, दुष्काळ आहे म्हणालो. साहेब ढिम्म.

"जुना शिक्का म्हणजे जुना जिल्हा. कागद चालणार नाही. नियम आहे."

तेवढ्यात सुनंदानं परतीचं पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"साहेब, ह्या पत्रावर तुमच्या ऑफिसचा शिक्का हाय. त्याच्यावर जिल्हा कोणता हाय, वाचता का जरा?"

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. तिथंही जुनाच जिल्हा!

"मग हे पत्रबी चालत न्हाई," सुनंदा म्हणाली. "म्हंजे माझा फॉर्म परत आलाच न्हाई. तो अजून तुमच्यापाशीच हाय."

हबीबभाई पान चघळायचे विसरले. साहेब असे काही हसले की टेबलावरचा पेपरवेट खाली पडला! फॉर्म घेतला, मंजूर म्हणून सही ठोकली, पोहोचपावती लिहिली आणि तोच जुना शिक्का धाडकन मारला.

"चल बेटा," हबीबभाई पुटपुटले, "शाई वाळायच्या आत निघू!"

सुनंदा पावती घेऊन व्हरांड्यात पळाली. एवढी शांत पोरगी, पण अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल अशी ओरडली, "आबा, मस्टरवरचं माझं नाव खोडा!"

लिंबाजींनी पावती उलटीसुलटी करून बघितली, डोळे पुसले आणि म्हणाले,

"खोडतो की! पण त्याला कोणत्या जिल्ह्याचा शिक्का लागंल, तेवढं आत जाऊन इचारून ये!"