मायक्रॉनचं पथ्य

आमच्या आतोबांनी आयुष्यात एकही गोष्ट दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून घेतली नाही, आणि यात मी देवाधर्माच्या गोष्टीही धरते आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ते तीस वर्षं तपासणी विभागात होते. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक भाग त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो मोजायचे, आणि मग एक तर त्यावर शिक्का बसायचा, नाहीतर त्याला लाल चिठ्ठी बांधली जायची. निवृत्तीच्या दिवशी कारखान्याने त्यांना शाल दिली, हार घातला, आणि आणखी काही हवं का असं विचारलं, तेव्हा त्यांनी लाल चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा मागून घेतला. त्यानंतर तपासणी घरात सुरू झाली. गळक्या बादलीला चिठ्ठी लागली, मान हलवताना कुरकुरणाऱ्या टेबलफॅनला लागली. शेजारच्यांनी भेट दिलेल्या गणपतीच्या तसबिरीलाही लागली, कारण तिची चौकट एका कोपऱ्यात काटकोनात नव्हती. आत्या संतापली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "देवाबद्दल माझी काही तक्रार नाही. सुताराबद्दल आहे."

मी चौऱ्याण्णव साली पुण्याहून नोकरीसाठी बंगळूरला आले आणि जागा मिळेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे उतरले, ती चार वर्षं राहिले. पहिल्याच रविवारी ते मला कोपऱ्यावरच्या हॉटेलात इडली खायला घेऊन गेले. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर असायचा, जाडी मोजायचं ते सरकतं उपकरण. त्यांनी माझ्या बशीतल्या दोन्ही इडल्यांची जाडी मोजली, एक परत पाठवली, आणि हॉटेलवाल्यानेही "सरी सार" म्हणून मुकाट्याने दुसरी आणून दिली. पुढे लग्नाकार्याला त्यांच्याबरोबर जायचं तर मी आधीच दहा पावलं मागे राहायला शिकले. मांडवाचा खांब ओळंब्यात आहे की नाही हे पाहिल्याशिवाय ते आत जात नसत, आणि एकदा तर खांब कलता निघाल्यामुळे त्यांनी वराच्या वडिलांना सीमांतपूजन थांबवायला सांगितलं होतं. आत्याला या सगळ्याची सवय झाली होती. तिचा जन्म साताऱ्याचा, पण बंगळुरात पस्तीस वर्षं काढल्यामुळे तिच्या मराठीत थोडंसं म्हणायला "स्वल्प" आणि बरं म्हणायला "सरी" हे कन्नड शब्द मिठासारखे विरघळले होते. नवऱ्याबद्दल कुणी काही बोललं की ती म्हणायची, "ह्यांचं स्वल्प तसंच आहे."

या माणसाच्या तपासणीतून एकच जीव सुटला होता. तो म्हणजे त्यांचा कुत्रा. रिक्षास्टँडपाशी एका खोक्यात सापडलेलं ते पिल्लू तळहाताएवढं होतं, म्हणून आतोबांनी त्याचं नाव मायक्रॉन ठेवलं, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण त्याच्या रक्तात कुठल्या तरी लॅब्रॉडरचा अंश होता. वर्षभरात तो एवढा वाढला की फाटक उघडून आत येणारा माणूस आधी त्याला आणि मग त्याचं नाव ऐकून आतोबांना नीट पाहून घ्यायचा. आत्या त्याला मायकू म्हणायची. सकाळी आतोबा चहाला बसले की मायक्रॉन त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवायचा, आणि चार ग्लुकोज बिस्किटांतली दोन त्याच्या तोंडात जायची. दुपारी दुधात कुस्करलेली पोळी, रात्रीही तेच. घर कडक शाकाहारी. तीस-पस्तीस वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत साधं अंडंसुद्धा आलेलं नव्हतं, मग कुत्र्यासाठी वेगळं काही करावं हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पंचाण्णवच्या उन्हाळ्यात मायक्रॉन खाजवायला लागला. आधी आम्हाला वाटलं पिसवा असतील, म्हणून त्याला औषधी साबणाने धुतलं. मग पोटाची कातडी लाल झाली, कानांना वास यायला लागला, पाठीवरचे केस मुठीमुठीने गळायला लागले. तो एका जागी दोन मिनिटं बसू शकत नव्हता, आणि मागच्या पायाने खाजवून खाजवून त्याने मानेपाशी जखम करून घेतली. प्राण्यांचे डॉक्टर शेजारच्याच भागात होते. मितभाषी कन्नड गृहस्थ. त्यांनी दोनदा औषध दिलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं आणि पुन्हा सुरू झालं. तिसऱ्या वेळी त्यांनी तो काय खातो हे तपशिलाने विचारलं आणि सांगितलं की गव्हाचा संशय आहे. पोळी, ब्रेड, बिस्किट बंद करा, दोन महिने काही तरी एकच खाणं ठेवा आणि बघा. जखम चिघळत गेली तर मात्र कठीण आहे, हेही त्यांनी सांगितलं.

घरी येताच आतोबा खुर्चीत बसले. मग ते मला म्हणाले, "पाच वर्षं मी स्वतःच्या हाताने बिस्किट देत होतो. रोज. मीच पास करत होतो." त्यांचा एवढा पडलेला चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टरांनी नाव फक्त गव्हाचं घेतलं होतं, पण एका भागात दोष निघाला तर अख्खा लॉट थांबवायचा ही आतोबांची तीस वर्षांची शिस्त. त्यांनी गहू, तांदूळ, मका, नाचणी, झाडून सगळं धान्य बंद केलं. मग प्रश्न आला, घालायचं काय. ते चार दिवस वाचनालयात जाऊन बसले आणि दोन पर्याय घेऊन आले. एक, परदेशात मिळणारं कोरडं डॉग फूड, ज्यात धान्याऐवजी बटाटा आणि मासे असतात. दुसरा, कच्चं मांस. कारण एका परदेशी मासिकात कुणी तरी लिहिलं होतं की कुत्रा हा मुळात लांडगा, त्याला चूल ठाऊक नाही. आतोबांनी दोन्हींची रीतसर चाचणी घ्यायची ठरवली, प्रत्येकी आठ आठवडे. त्यासाठी एक वही आखली. तारीख, खाण्याचं वजन, तासाला किती वेळा खाजवलं, कातडीचा रंग, शौचाचा पोत. शेवटचा रकाना भरायला ते रोज सकाळी व्हर्नियर न घेता जात, एवढं मला त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

त्यांची मुलगी अमेरिकेत होती. तिने येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर डॉग फूडची मोठी पिशवी पाठवली. आतोबांनी आधी दाण्यांचा व्यास मोजला, मग दहा दाणे पाण्यात टाकून ते किती वेळात फुगतात ते पाहिलं, आणि मग एक दाणा तोंडात टाकून सावकाश चावला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले, "बाकी नाचणीच्या बिस्किटासारखं." त्यानंतर त्यांनी पिशवीवरची यादी मोठ्याने वाचायला घेतली, आणि पहिलाच शब्द मासे होता. आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आली. नमुना तपासणं म्हणजे खाणं नव्हे, असं आतोबांनी समजावून पाहिलं, पण तिने त्यांना आंघोळ करायला लावली, तुळशीचं पाणी प्यायला लावलं, आणि तो आठवडाभर त्यांचं ताट थोडं लांब मांडलं.

दाण्यांनी गुण मात्र आला. सहा आठवड्यांत खाज निम्म्यावर आली, मानेची जखम सुकली. फक्त मायक्रॉनला ते आवडत नसे. तो दाणे तोंडात घेऊन अंगणात जायचा आणि एकेक करून कुंड्यांच्या मागे ठेवून यायचा. आठव्या आठवड्यात पिशवी संपली. दुसरी येणार तर कुणी तरी तिकडून यायला हवं, आणि कुणी येत नव्हतं. शहरातल्या एका दुकानात मिळालेल्या पिशवीवर बारीक अक्षरात गहू लिहिलेला निघाला. तिला लाल चिठ्ठी लागली.

मग आतोबा स्टीलचा डबा घेऊन बंगळूरच्या शिवाजीनगरला गेले. जन्मात पहिल्यांदा मटणाच्या दुकानासमोर उभे राहिले. मी बरोबर होते. त्यांनी नाकाला रुमाल लावला नाही, कारण तपासणाऱ्याने वास टाळायचा नसतो. बकरं कधी कापलं, सुरी कशाने धुता, लाकडी ओंडका किती दिवसांनी तासता, हे सगळं त्यांनी आपल्या कारखानी हिंदीत विचारलं आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. दुकानदार गडबडून उठून उभा राहिला. चौथ्या-पाचव्या दिवशी आमच्या लक्षात आलं की आम्ही गल्लीत शिरलो की फळ्या धुतल्या जातात आणि मांसावर स्वच्छ पांढरं फडकं येतं. महानगरपालिकेचा नवा इन्स्पेक्टर कुत्र्याचं निमित्त करून फिरतो, अशी त्या गल्लीची समजूत झाली होती. आतोबांना हे सांगितल्यावर त्यांना संकोच वाटला. त्यांनी दुकानदाराला खरं सांगून टाकलं. तो हसला आणि म्हणाला, "साब, फिर भी रोज आओ. गल्ली साफ रहती है."

अंगणात कपडे धुवायच्या दगडाच्या पलीकडे मायक्रॉनला कच्चं मांस मिळू लागलं. घरात त्याचा कण येत नव्हता. डबा बाहेरच्या नळावर धुतला जायचा, आतोबा मागच्या न्हाणीत आंघोळ करून आत यायचे. मायक्रॉन सुखावला. त्याच्या अंगावर दाट, चकचकीत केस आले, खाज जवळजवळ थांबली. वहीतले आकडे इतके चांगले होते की आतोबा ते मला मुद्दाम वाचून दाखवायचे. आणि सहाव्या आठवड्यात एका सकाळी तो उठलाच नाही. रात्रीतून त्याला उलट्या झाल्या होत्या, शौचातून रक्त पडत होतं, हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या. आम्ही त्याला चादरीत घालून रिक्षातून डॉक्टरांकडे नेलं. तीन दिवस सलाइन लागलं. आतोबा दवाखान्यातल्या बाकावर बसून राहिले. वही त्यांच्या मांडीवर होती, पण त्यांनी ती उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी मायक्रॉन मान उचलून पाणी प्यायला. डॉक्टरांनी हात धुतले आणि सहज विचारलं, "मांस मानवतंय त्याला, बाधलं ते कच्चं म्हणून. मग शिजवून का घालत नाही? साधं पाण्यात उकडायचं."

आतोबा मायक्रॉनची चादर सारखी करू लागले. मला वाटलं, त्यांना हे सुचलं नसेल. परत येताना रिक्षात मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "पहिल्या दिवशीच सुचलं होतं. पण शिजवायचं कुठे? तिच्या घरात?" मग म्हणाले, "इतकी वर्षं तिने ते घर जपलंय. हे मी तिला कोणत्या तोंडाने विचारू?" पिशवी आणि कच्चं मांस, या दोन्हींना विस्तव लागत नव्हता. चौदा आठवड्यांची ती चाचणी, ते रकाने, ते आकडे, सगळं एवढा एक प्रश्न बायकोला विचारावा लागू नये म्हणून होतं.

घरी आल्यावर आत्याने डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. आतोबा म्हणाले, काही विशेष नाही, जपायला सांगितलंय. मग मीच तिला सांगितलं. ती पदराने हात पुसत राहिली.

"मला एकदा विचारायचं तरी," ती त्यांना म्हणाली.

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणाले असते. आणि मग रात्रभर त्याचं खाजवणं ऐकून सकाळी हो म्हणाले असते."

तिने माळ्यावरून जुना रॉकेलचा स्टोव्ह काढायला लावला आणि तो अंगणात मांडला. एक ॲल्युमिनियमचं पातेलं त्याच्यासाठी वेगळं केलं. पहिल्या दिवशी तिने पदर नाकातोंडावरून घट्ट बांधला आणि मान दुसरीकडे वळवून ढवळलं. आतोबा शेजारी उभे राहून किती मिनिटं उकडायचं ते घड्याळात बघून सांगत होते. तिने त्यांना आत जायला सांगितलं. संकष्टीला आणि एकादशीला मात्र तुम्ही करायचं, एवढी एकच अट तिने घातली.

मायक्रॉन त्यावर आणखी चार वर्षं जगला, चांगला जगला. वही चालूच होती, आणि तिच्यात धान्य या शब्दापुढे रोज शून्य लिहिलेलं असायचं. नव्याण्णवच्या सुमारास तो थकला, त्याचे मागचे पाय गेले, आणि एका दुपारी अंगणात उन्हाला पडल्या पडल्या गेला. तोवर माझं वेगळं घर झालं होतं, जुनी का होईना गाडी होती. शहराबाहेर होसकोट्याच्या पुढे आतोबांच्या कारखान्यातल्या एका मित्राची आंब्याची बाग होती. तिथे आम्ही त्याला पुरलं. माती टाकून झाल्यावर आतोबांनी पायाने ती सारखी केली आणि गाडीत येऊन बसले.

वाटेत त्यांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "तुझी आत्या त्याला भात घालायची."

मला हे माहीत होतं. मांसाच्या पाण्यात मूठभर भात कालवून, आतोबा वाचनालयात गेले की, अंगणात स्टोव्ह मांडला त्या पहिल्याच आठवड्यापासून. तिने मला शपथ घातली होती. मी गाडी चालवत राहिले.

"त्याच्या मिशांना शितं असायची," ते म्हणाले. "तिला वाटायचं, मला दिसत नाही."

"मग वहीत का नाही लिहिलंत?"

त्यांनी हाताला लागलेली माती झटकली. "त्याला तर काही होत नव्हतं. आणि लिहिलं असतं तर तिला थांबवावं लागलं असतं."

आम्ही पोचलो तेव्हा आत्या दारातच उभी होती. झालं का, एवढंच तिने विचारलं. आम्ही आंघोळी केल्या, पानं मांडली. आतोबा एरवी मोजून एक मूद भात घेत. त्या दिवशी त्यांनी दोनदा मागून घेतला. आत्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि वाढत राहिली.