आरशावरची मिशी

रेशमा गेल्याचा फोन आला तेव्हा मी तळोद्याच्या बाजारात बांगड्या भरत होते. "रेशमा गयी, ताई," एवढंच तिचा नवरा भगवान बोलला. आठवडाभराच्या तापाने धडधाकट बाई नेली. महिना उलटला, पण तिची आठवण निघाली की मला अजून आधी हसूच येतं... तिला ते आवडलं असतं.

आमची सोंगाड्या पार्टी म्हणजे गावोगाव फिरणारं नाटकमंडळ. विशीतली रेशमा तिथे नाचायला आली, पण हौस पाटलाच्या कामाची. अख्खा खेळ त्याच्यावर चालायचा. पाटील करणारे बुवा कावीळ होऊन घरी बसले, तेव्हा हिने कुणाला न विचारता मिशी लावली आणि परत दिलीच नाही. त्याच दिवसांत आमचा टेम्पो चालवणाऱ्या ब्राह्मणपुरीच्या भगवानवर तिचा जीव जडला. त्याच्या आईची अट एकच, लग्नानंतर तोंडाला रंग लावायचा नाही. रेशमा कितीतरी दिवस धड जेवली नाही. "माले दोन्ही पायजेत, ताई," म्हणायची.

भगवानने आईला मुलगी बघायला म्हसावदला आणलं, ते नेमकं दुपारच्या खेळाला. त्यातली रेशमा कोणती हे न सांगताच त्या शहाण्याने आईला पुढे बसवलं. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. पाटील धोतर सावरत बायकोला भाकरी थापायला शिकवू लागला आणि भगवानची आई, आमच्या मावशी, तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. खेळ संपल्यावर मागे येऊन विचारतात कशा, "तो पाटील कोन व्हता? पोट दुखाले लागनं मन्हं!"

रेशमा पाया पडायला वाकली. मिशी तशीच, डिंक निघतच नव्हता. मावशी बघतच राहिल्या. मग तिची हनुवटी वर करून म्हणाल्या, "अटबिट ऱ्हाऊ दे. ही मिशी मन्ह्या घर लई ये." रेशमा मिशीसकट त्यांच्या घरी सून म्हणून आली.

तेव्हापासून खेळावरून आली की टिकली लावावी तशी ती मिशी आरशाला चिकटवायची. परवा मी त्यांच्या घरी गेले तर टिकल्यांशेजारी ती तशीच होती. पुढच्या खेळासाठी मागायला गेले होते खरी, पण टिकल्याच बघत बसले. मावशींनीच ती अलगद सोडवली.

"पाटील बिगर खेळ कसा करशात?" म्हणाल्या आणि माझ्या ओठावर दाबून धरली. आधी त्या हसल्या, मग मी रडले, मग दोघी हसलो... डिंक नव्हता, म्हणून त्यांनी हात काढला नाही.